स्की करा, पण स्पर्धा कशाला?

बायपासनंतर मी पुन्हा वॉटर स्की करणार म्हटल्यावर घरात कुणी फारसं काही बोललं नाही. स्पर्धेत उतरणार म्हटलं आणि सगळ्यांना वाचा फुटली. मुलगी म्हणाली, "आई, हौस म्हणून कर ना. नंबर काढायचं वय आहे का हे?" नवरा काही बोलला नाही, पण त्याच्या पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही. हृदयरोगतज्ज्ञांनीही तेच विचारलं, जरा सभ्य भाषेत.

माझं मत नेमकं उलटं आहे. पासष्टीला टेकलेल्या, छाती उघडून शिवलेल्या बाईला हौशी स्कीपेक्षा स्पर्धाच जास्त मानवते. हौशी माणसाला धरबंध नसतो. पाणी शांत आहे, बोटीत पेट्रोल आहे, चला अजून एक चक्कर, असं करत करत हात गळून जाईपर्यंत तो दोरीला लटकलेला असतो. स्लॅलममध्ये, म्हणजे एकाच स्कीवर पुढे-मागे पाय ठेवून, बोटीच्या मागे दोरी धरून, बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना) बाहेरून वळसे घालत जाण्याच्या प्रकारात, सगळं मोजून मापून दिलेलं असतं. २५९ मीटरचा कोर्स, मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर, एक या बाजूला तर पुढचा त्या बाजूला, असे सहा बोये, आत शिरायचं एक दार आणि बाहेर पडायचं एक. बोटीचा वेग जीपीएसवर बांधलेला. ताशी ४६ किलोमीटरला सगळा खेळ २० सेकंदांत आटोपतो. पुढच्या फेरीला वेग ३ किलोमीटरने वाढतो. आपल्या गटाचा कमाल वेग गाठला की मग दोरी आखूड होत जाते, १८.२५ मीटरवरून १६, मग १४.२५. आणि एक बोया चुकला की संपलं. हँडल सोडा, बोटीत या. तरुणपणी या नियमाचा मला भयंकर राग यायचा. आता वाटतं, तो कुणीतरी हृदयरोग्यांसाठीच केला असावा. कुठे थांबायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे राहतच नाही.

लोक भेटले की हृदयाचं विचारतात. हृदय बिचारं सगळ्यात आधी तयार झालं. ट्रेडमिलवर दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढवणारी ती चाचणी मी व्यवस्थित पार केली, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आला. अडवलं ते बाकीच्यांनी.

पहिलं छातीचं हाड. ते उभं कापतात आणि काम झाल्यावर स्टीलच्या तारांनी बांधतात. जुळायला साधारण तीन महिने. तोवर जड उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही, खोकला आला तर उशी छातीशी कवटाळायची. आणि वॉटर स्की म्हणजे तर नुसती ओढाताण. सगळ्यात वाईट क्षण पाण्यातून उठतानाचा: गुडघे छातीशी, हात सरळ, बोट उचल खाते आणि सगळं वजन खांद्यांतून छातीवर येतं. त्यामुळे तीन महिने झाले म्हणून मी लगेच पाण्यात गेले नाही. फिजिओने भिंतीला रबरी पट्टे बांधून, खरं स्कीचं हँडल हातात देऊन, आधी दोन्ही हातांनी, मग एका हाताने ओढायला लावलं. पाण्यात उतरले ती थेट पुढच्या हंगामात.

दुसरा पाय. याबद्दल मला कुणीच सावध केलं नव्हतं. बायपाससाठी नस पायातून काढतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिचा व्रण कुठे येतो याचा विचार कोण करतो? माझा डाव्या पिंढरीच्या आतल्या बाजूने घोट्यापासून वर गेलाय, आणि डावा माझा पुढचा पाय. स्लॅलम स्कीचा रबरी बूट घट्टच लागतो, साबणाचं पाणी लावल्याशिवाय पाय आत सरकत नाही. त्या बुटाची वरची कड बरोब्बर व्रणावर बसते. घोटा वाकवला की कातडी कडेत धरल्यासारखी ओढली जाते, जळजळते. शिवाय त्या पायाला संध्याकाळी सूज. सकाळी सहज चढणारा बूट दुपारनंतर नकोसा होतो. सध्या आत पातळ निओप्रीनचा मोजा घालते, वरची लेस ढिली सोडते आणि सराव सकाळीच उरकते. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय आणि ज्यांना परत स्की करायची आहे, त्यांनी सर्जनला आधीच विचारा: नस कुठल्या पायाची घेणार? प्रश्न ऐकून ते चमकतील. चमकू द्या.

छातीच्या आतली एक रक्तवाहिनीही वापरलेली असल्यामुळे डाव्या बाजूला अजून बधिरपणा आहे. जॅकेट वर सरकलं तरी तिथे समजत नाही. आता पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक पट्टा हाताने चाचपते. उतरतेही हळूहळू. गार पाण्यात एकदम उडी मारली की रक्तदाब आणि ठोके दोन्ही उसळतात.

मग श्वास. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब झपकन चढतो, आणि बोटीच्या लाटा ओलांडताना आम्ही सगळे स्कीवाले नेमकं तेच करतो. ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्रत्येक ओढीला तोंडाने श्वास सोडायचा. बोटीतून नजर ठेवणारा मुलगा मला विचारतो, "ताई, बोये मोजता का तुम्ही?" म्हटलं, नाही रे बाबा, फुंकर मारतेय. नाडीच्या घड्याळाचा काही उपयोग नाही, बीटा ब्लॉकर या हृदयाची गती आवरणाऱ्या गोळीमुळे ठोके फारसे वर जातच नाहीत. फेरी झाल्यावर एक सबंध वाक्य न थांबता बोलता आलं तरच पुढची फेरी.

औषधांवरून आठवलं. स्पर्धेत उतरायचं तर गोळ्यांचा डबा उत्तेजकविरोधी यादीशी ताडून घ्यावाच लागतो, आजी असलात तरी. बीटा ब्लॉकर नेमबाजी, तिरंदाजीत चालत नाहीत, आमच्या खेळात चालतात. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, काही हरकत नाही. पण सूज उतरवायला देतात त्या लघवीच्या गोळ्यांवर सगळ्याच खेळांत बंदी आहे. गरज असेल तर आधी रीतसर सवलत मागावी लागते. माझ्या सुदैवाने त्या लवकर बंद झाल्या. अँजायनासाठीची, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यावरची, ट्रायमेटाझिडीनही बंदीच्या यादीत आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये कामिला वालियेवा या पंधरा वर्षांच्या स्केटरवर गदारोळ झाला तो याच गोळीवरून, आणि तिच्या बाजूने आजोबांच्या औषधाचं कारण पुढे आलं होतं. आमच्या वयाच्या लोकांचे डबे असे स्फोटक असतात.

ॲस्पिरिनमुळे जरा आपटलं तरी अंगावर काळेनिळे डाग उठतात, म्हणून पडण्यापेक्षा हँडल सोडणं बरं. ज्यांना कृत्रिम झडप बसवलीय आणि रक्त पातळ करणारी वॉरफरीन चालू आहे, त्यांनी मात्र माझं बघून काही करू नये. त्यांना पडण्याचा धोका खूप मोठा आहे. ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

तर स्पर्धा. ताशी ४३ किलोमीटरला सहाही बोये पूर्ण, ४६ ला पूर्ण, ४९ ला साडेतीन बोये. गटात शेवटून पहिली. चौथा का सुटला ते मला पक्कं माहीत आहे. तिसऱ्यावर उशिरा वळले, दोरी ढिली पडली. ढिली दोरी परत ताणली जाते तेव्हा बसणारा हिसका छातीवर घ्यायचा नाही, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं, तेव्हा सोडलं. पुढच्या वेळी सुरुवातच ४६ ने करणार आहे. पहिलीच फेरी हुकली तर पंचाईत, पण ४९ ला पोचेन तेव्हा पायात एका फेरीचा जोर शिल्लक असेल.