एक रबरी रिंग आणि मावशींचे हात

मी बेळगावजवळच्या एका आईस्क्रीम प्लांटात क्वालिटीला आहे. एप्रिल, लग्नसराई, निपाणी-चिकोडी-खानापूरच्या गाड्या सकाळपासून गेटवर, आणि त्यातच कप आईस्क्रीमच्या लॅबमधल्या टेस्ट प्लेटवर कोलिफॉर्मचे, म्हणजे अस्वच्छता दाखवणाऱ्या जंतूंचे, जांभळट लाल ठिपके. एक नाही, सलग तीन बॅच.

मॅनेजर साहेबांचं वाक्य ठरलेलं, "अहो मायनस वीसला काय जगतंय?" जगतंय की साहेब. थंडीत जंतू वाढायचे थांबतात, सगळे मरत नाहीत. २०१५ ला अमेरिकेत ब्लू बेल कंपनीच्या आईस्क्रीममधून लिस्टेरिया हा जंतू पसरल्याचं उघड झालं, १० जण आजारी पडले, त्यातले ३ गेले, हे मी दर ट्रेनिंगला सांगते आणि दर ट्रेनिंगला मागची रांग चहाची वाट बघत असते.

पाश्चरायझरमध्ये आईस्क्रीमचं मिक्स तापवलं की कोलिफॉर्म मरतातच, म्हणजे सापडले तर नंतर कुठूनतरी आलेत. एवढं माहीत असून मी काय केलं, तर थेट पॅकिंगला गेले आणि कडोलीहून येणाऱ्या मावशींना सगळ्यांसमोर बोलले, हात धुता की नाही म्हणून. त्यांच्या हातांचा स्वॅबही घेतला, बोळ्यानं पुसून जंतू तपासायला.

मग दोन दिवस लाईनवर एकेक ठिकाणचं सॅम्पल. पाश्चरायझरनंतरचं मिक्स स्वच्छ. एजिंग टँकवर माझा फार संशय, रात्रभर ४ डिग्रीला मिक्स पडून असतं ना, तोही स्वच्छ. फ्रीझरच्या तोंडाशी मात्र प्लेट भरलेली. सीआयपीचं, म्हणजे मशीन न खोलता आतून धुण्याचं, रजिस्टर काढलं तर कॉस्टिक, ॲसिड, तापमान सगळीकडे टिकमार्क, एकाच पेनानं, महिनाभराचं एका बैठकीत लिहिल्यासारखं. शेवटी ऑपरेटर अण्णांना म्हटलं, सगळं खोला. फ्रीझरच्या मिक्स पंपाची ओ-रिंग निघाली आणि कुजक्या दुधाचा भपकाराच आला. रिंगेला चीर, चिरेत पिवळट चिकट थर. सीआयपीचं पाणी वरून धावत जातं, चिरेत शिरत नाही, तिथं जंतूंचा थर, बायोफिल्म, निवांत.

अण्णा म्हणाले, "म्याडम, स्टोअरला फेब्रुवारीतच सांगितलोय की. कंपनीची रिंग आलीच नाही, मग उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातनं आणून बसवलो."

एवढ्याशा रिंगेपायी तीन बॅच ईटीपीत, सांडपाण्याच्या प्लांटात, ओतल्या, आणि स्टोअरवाल्याला कोणी एक शब्द विचारला नाही.

मावशींचा स्वॅब क्लीन आला. मी त्यांना केबिनमध्ये बोलावून माफी मागितली. त्या "बरं" म्हणाल्या आणि कप लावायला गेल्या. ओरडले होते सगळ्यांसमोर, माफी मात्र दार लावून.