लेकीसाठी बॅटरीवाली गाडी घेतली, त्याचा माझा अनुभव

लेकीला तीन वर्षं पूर्ण व्हायला दीड महिना होता तेव्हापासून तिचं एकच चालू होतं, जेसीबी पाहिजे. आमच्या पुण्यातल्या धायरीच्या घराजवळ ड्रेनेजचं खोदकाम चाललं होतं, आजोबांचा हात धरून ती रोज सकाळी जायची आणि अर्धा अर्धा तास तो जेसीबी बघत उभी राहायची. म्हणून वाढदिवसाला बसून चालवायची बॅटरीवाली गाडीच घ्यायची असं ठरलं. आम्हाला वाटलेलं एका रविवारचं काम आहे, पण पाच आठवडे गेले, आणि तेवढ्यात जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली गाडी आम्ही ऑनलाइन मागवली. फोटो छान, खाली लिहिलेलं १२ व्होल्ट, डबल मोटर. खोकं आलं, नवऱ्याने सीटचे स्क्रू काढून बघितलं तर आत एकच छोटी बॅटरी, ६ व्होल्ट ४.५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता). मोटरही एकच. परत पाठवायला अकरा दिवस लागले, पिकअपवाला दोनदा येऊन "खोकं मोठं आहे, टेम्पो लागेल" म्हणून निघून गेला, आणि तोवर ते धूड हॉलमध्ये चादरीखाली, कारण लेकीला दिसलं असतं तर मग संपलंच होतं.

त्यावेळी माझे धाकटे दीर आले होते. ते यूपीएस-इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम करतात. मी विचारलं, भावजी, हे व्होल्टचं नक्की काय बघायचं असतं? तर म्हणाले, "वहिनी, नुसते व्होल्ट बघू नका, एएच पण बघा." आणि वहीच्या पानावर हिशोब करून दाखवला. व्होल्ट गुणिले एएच केलं की बॅटरीत एकूण किती वीज साठते ते वॅट-अवरमध्ये कळतं. ६ व्होल्ट ४.५ एएच म्हणजे २७ वॅट-अवर. दुकानदार "दोन बॅटरी आहेत" म्हणतात त्यात बऱ्याचदा याच छोट्या दोन असतात, म्हणजे ५४, मग त्या कशाही जोडलेल्या असोत. आणि १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असेल तर ८४. दोन मोटर मिळून साठ-सत्तर वॅट खेचत असतील तर ८४ मध्ये प्रत्यक्षात पाऊण तास, फार तर तासभर चालेल. दुसरं म्हणजे ही १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी कॉम्प्युटरच्या साध्या यूपीएसमध्ये असते तीच, त्यामुळे दोन वर्षांनी गेली तरी कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते. मला तरी हे सगळ्यात कामाचं वाटलं, कारण ओळखीच्या दोन घरात बॅटरी मेली म्हणून अख्खी गाडी गॅलरीत कपडे वाळत घालायला पडलेली मी बघितली आहे.

मग आम्ही प्रत्यक्ष दुकानातच जायचं ठरवलं. जायच्या आधी टेप घेऊन लिफ्टचं दार मोजलं, ७० सेंटीमीटर. पार्किंगमध्ये प्लग नाही, म्हणजे चार्जिंगला गाडी तिसऱ्या मजल्यावर आणणं आलंच, सो रुंदी त्यापेक्षा कमी पाहिजे हे पक्कं झालं. लेकीचं वजन पण केलं, १३ किलो. खोक्यावर २५-३० किलोपर्यंत लिहिलेलं असतं, पण शेजारचा दादा पण शेजारी बसणार हे धरून चालायचं.

रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो, लेकीला सोबत घेऊनच. एका दुकानदाराने तिला बघितलं आणि लगेच, "ताई, मुलीसाठी ना, मग ही गुलाबी स्कूटी घ्या, मुली हीच घेतात." मला ते अजिबात आवडलं नाही आणि मी तसं बोलले पण. रंगाचं जाऊ द्या, पण तीन वर्षांच्या मुलाला दुचाकीच्या आकाराची गाडी मला मुळातच पटत नाही, बाजूला दोन छोटी चाकं असली तरी बूड अरुंद असतं आणि जोरात वळवली की कलते. आमच्याच सोसायटीत एक मुलगा तसा पडून हनुवटीला टाके पडलेत.

जेसीबी पण होता तिथे. लेक धावत जाऊन बसली आणि उतरायलाच तयार नाही. पण तिचे गुडघे स्टेअरिंगला लागत होते, बेल्ट नव्हता, आपण बाहेरून गाडी थांबवायचा रिमोट नव्हता, आणि पुढचं खोरं वर-खाली करायचा जो दांडा होता त्याच्या सांध्यात माझंच बोट चिमटलं. नाही म्हणताना खूप वाईट वाटलं, ती रडली, मीही जवळजवळ रडायला आले, पण नाहीच म्हटलं.

आणखी एक गोष्ट मी तिथे शिकले. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे लहान मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि वीज किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी त्यावर आयएस १५६४४ असा नंबर असतो. एका दुकानात "आहे ना मार्क" म्हणून मला चार्जरवरचं स्टिकर दाखवलं. चार्जरचं वेगळं आणि गाडीचं वेगळं, गाडीच्या खोक्यावर काहीच नव्हतं. दुसऱ्या दुकानात होता, मी तिथेच उभं राहून बीआयएस (हा मार्क देणारी सरकारी संस्था) केअर ॲपमध्ये मार्कसोबतचा सीएम/एल हा लायसन्स नंबर टाकून बघितला, कंपनीचं नाव जुळलं तेव्हा पुढे बोलले. दुकानदार थोडे वैतागले, पण थांबले बिचारे.

शेवटी जीप घेतली, लाल. १२ व्होल्ट ७ एएच, दोन मोटर, रुंदी ६२ सेंटीमीटर, बेल्ट, रिमोट, आणि चाकं रबरासारख्या फोमची. या चाकांचे हजारभर रुपये जास्त गेले पण आमच्याकडे खाली सगळे पेव्हर ब्लॉक, साधी प्लॅस्टिकची चाकं त्यावर इतका खडखडाट करतात की दुपारी कुणी झोपूच शकत नाही, आणि गुळगुळीत फरशीवर ती जागच्या जागी फिरतात ते वेगळंच.

पहिल्या दिवशीचं सांगायलाच पाहिजे. रात्रभर चार्ज केली, सकाळी खाली नेली, रिमोटमध्ये सेल टाकले, पण रिमोट गाडीशी जोडून घ्यावा लागतो, ते बटण दाबायचं राहिलं. लेकीने पेडल दाबलं आणि जीप सरळ गेटच्या उताराकडे. मी रिमोट दाबतेय, काही होत नाही. स्पीड चालण्याएवढाच असतो, पण त्या क्षणी समोरून स्कूटर आत वळत होती. मी ओरडले "पाय काढ", तिने काढला आणि गाडी थांबली, कारण या गाड्यांना वेगळा ब्रेक नसतो, पेडल सोडलं की थांबते. हात थरथरत होते माझे. त्या दिवसापासून नियम असा की आधी रिमोट चालतोय हे बघायचं मगच तिला बसवायचं, आणि "पाय काढ" हा खेळ आम्ही गाडी बंद असतानाच दोन दिवस खेळलो.

आता आठ महिने झाले. चार्जिंग झोपताना लावत नाही, संध्याकाळी खेळून झालं की लगेच लावते आणि आठ-दहा तासांचा अलार्म लावून काढते. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की आतून खराब होते असं भावजींनी बजावलंय, म्हणून पावसाळ्यात गाडी वापरात नव्हती तरी महिन्यातून एकदा चार्ज केली. मध्ये एकदा भिंतीला टेकवून ती पेडल दाबूनच बसली आणि गाडी एकदम बंद पडली, मला वाटलं जळली मोटर, पण फ्यूज उडाला होता, तो आपोआप परत लागणारा असतो, दहा मिनिटांनी सुरू झाली.

खोदकाम संपलं, खरा जेसीबी गेला. वाढदिवसाला आजोबांनी हातात धरायचा छोटा पिवळा जेसीबी दिलेला, तो ती माझ्या जुन्या ओढणीने जीपच्या मागे बांधते आणि वॉचमन काकांच्या केबिनपर्यंत ओढत नेते, तिथे कुंडीतली माती भरून घेते आणि परत येते.