वाटीत, वाटीखाली, वाटीमागे

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला म्हणा, 'चेंडू वाटीत टाक.' टाकेल. कौतुक करायची घाई नको. आता म्हणा, 'वाटीमागे ठेव.' बहुधा तो पुन्हा वाटीतच पडेल. सुलटी वाटी स्वतःच 'आत टाक' म्हणत असते. तिच्यापुढे आपलं कोण ऐकतो? शिवाय सांगता सांगता आपली नजर तिकडे वळते, हनुवटी हलते, आणि मूल शब्द सोडून आपला चेहरा वाचतं. म्हणून हात पाठीमागे, नजर मुलाकडे आणि वाटी कधी सुलटी, कधी पालथी.

मराठीत जागा सांगणारे हे शब्द नामाच्या शेपटीला लटकून येतात, वर नामाचं रूपही बदलतात. 'डबा' ओळखीचा होता, त्याचा 'डब्याखाली' झाला. आधी सुटं करून म्हणावं: 'कुठे? खाली. डब्याच्या खाली.' मग जोडून. एक शब्द चार-पाच दिवस घोळवावा, वस्तू मात्र बदलत राहाव्यात. वर आणि खाली एकाच दिवशी काढले की जोडी पाठ होते, कोणतं कुठलं ते राहत नाही.

'वर' तसा लबाडच. टोपी डोक्यावर आणि पंखाही डोक्यावर. पाल भिंतीवर असते, मग ती जमिनीलगत का असेना. मांडीवरच्या पाटीत 'वरची ओळ' म्हणजे आपल्यापासून लांबची. तेव्हा छापील चित्रं सगळ्यात शेवटी. आधी खऱ्या वस्तू. 'मध्ये'चंही तेच. 'डब्यामध्ये' म्हणजे आत, 'दोन डब्यांच्या मध्ये' म्हणजे दोन्हींच्या बाहेर. मुलानं चेंडू एका डब्यात टाकला तर त्याला चूक म्हणणं जड जातं.

मागे-पुढे बाहुलीपासून सुरू करावं. तिला तोंड आहे, पाठ आहे. ती वळवली की 'मागे'ही वळतं. चेंडूला यातलं काहीच नाही. त्याचं 'मागे' बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं, म्हणून तो नंतर.

तळ्यात-मळ्यात या कामाला उत्तम, असं वाटतं खरं. पण दोन्हीकडे 'त'च! कान धरतो ते तळं आणि मळा. जागा सांगणारा शब्द तसाच निसटतो. हाका बदलाव्यात: 'रेघेवर', 'रेघेमागे', 'रेघेपुढे'. आणि कोण क्षणभर उशिरा उडी मारतं ते पाहावं; ते मूल शेजाऱ्याचं बघून मारतंय.

डावं-उजवं पाच-सहा वर्षांआधी काढूच नये. समोर उभ्या बाईंचा उजवा हात मुलांच्या डाव्या अंगाला येतो, त्यामुळे बाईंनी मुलांकडे पाठ करून हात वर करावा. 'जेवायचा हात' ही खूण डावखुऱ्याच्या बाबतीत फसते. त्यापेक्षा उजव्या मनगटाला लाल दोरा बरा. फक्त आंघोळीनंतर तो त्याच हातात परत गेला का, हे बघावं लागतं.