तुम्ही विचारलंत म्हणून: मोर्चाच्या दिवशी मुलं वर्ग सोडून गेली, तर जबाबदार कोण?

“बंदच्या दिवशी पोरं घोषणा देत फाटकाबाहेर पडली आणि कुणाला काही झालं, तर शाळा अडकते का?” रत्नागिरी-सिंधुदुर्गातले मुख्याध्यापक हे विचारतात, संस्थेचे सचिव विचारतात, पालकही विचारतात. उत्तर सरळ आहे: हो, अडकते. मुलांना परवानगी दिली होती की नव्हती यावर मात्र आपण नको तेवढा वाद घालतो. चौकशी होते तेव्हा पुढ्यात येणारे प्रश्न तीन. कोण गेलं हे शाळेला माहीत होतं का? घरी कळवलं का? मूल घरी पोचलं का?

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्यातून मुलाला इजा-त्रास होण्यासारखी स्थिती आली, तर तो गुन्हा आहे. मुलं ज्यांच्यावर सोपवली आहेत अशा संस्थेचा कर्मचारी किंवा व्यवस्थापन त्यात असेल, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्राने २०२१ मध्ये शाळा सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा रोखही व्यवस्थापनाचं उत्तरदायित्व ठरवण्यावर आहे. “मुलं स्वतःहून गेली” एवढं म्हणून सुटका होत नाही.

बहुतेक शाळा पहिली गोष्ट करतात ती म्हणजे फाटकाला कुलूप. माझा याला ठाम विरोध आहे. आपल्याकडे आवाराला जांभ्याचा गडगा असतो, काही ठिकाणी त्यावर काचा लावलेल्या असतात. दहावीची मुलं तिथून उड्या मारतात, पाय मोडतात, हात फाटतात. नाहीतर मागच्या पाखाडीने पळतात, आणि पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या त्या पायऱ्यांवर धावणं म्हणजे डोकं फोडून घेणंच. शिवाय आत काही घडलं, तर किल्ली असलेला शिपाई नेमका टपालाला गेलेला असतो. फाटक लोटलेलं असावं, कुलूप नसावं, आणि तिथे दोन शिक्षक वही घेऊन उभे असावेत. जाणाऱ्या मोठ्या मुलाला अडवून हाताला धरायचं नाही. नाव, वेळ आणि परत येणार की घरी जाणार, एवढं लिहून घ्यायचं. नाव लिहिलं जातंय म्हटल्यावर नुसती गंमत म्हणून निघालेली बरीच मुलं मागे फिरतात.

आता ती वही. रोजचा हजेरीपट त्या दिवशी फारसा उपयोगाचा नाही, कारण तो इयत्तेप्रमाणे असतो आणि मुलं घरी जातात वाडीप्रमाणे. म्हणून शाळेने जूनमध्येच वाडीवार यादी करून ठेवावी: मुलाचं नाव, इयत्ता, वाडी, उतरण्याचा थांबा, घरचे दोन मोबाईल नंबर, दमा किंवा फिट्स असतील तर नोंद, आणि शेवटी “घरी पोचल्याची वेळ” हा रिकामा रकाना. दुसरा नंबर वाडीतल्याच शेजाऱ्याचा असावा. बाप होडीवर, आई बाजारात किंवा बागेत, असं असताना एकच नंबर बहुतेक वेळा लागत नाही. यादीच्या दोन प्रती हव्यात. एक फाटकापाशी, एक मोर्चाबरोबर जाणाऱ्या शिक्षकाकडे.

कोकणात खरा धोका मोर्चापेक्षा परतीचा आहे, हे मी प्रत्येकाला सांगतो. दगडफेकीच्या भीतीने एसटीची आगारं फेऱ्या रद्द करतात. मुलं अकराला बाहेर पडतात आणि वस्तीची गाडी संध्याकाळची असते, तीही येईल की नाही ठाऊक नाही. मधले पाच-सहा तास ती मुलं एसटी स्टँडवर, उपाशी, कुणाच्याही गाडीत बसायला तयार. मुली मोफत पासावर येतात, त्यांच्याजवळ रिक्षापुरते पैसे नसतात. खाडीपलीकडच्या मुलांना तर होडी चुकली की रस्ताच नाही. पावसात साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी गेलं की तोही मार्ग बंद. म्हणून घाबरून अचानक “शाळा सोडली, घरी जा” म्हणणं हा सर्वांत वाईट निर्णय. घराला कुलूप, गाडी नाही, आणि शाळाही बंद. पालकाशी बोलणं होईपर्यंत मूल शाळेतच थांबलं पाहिजे.

ही तयारी आदल्या संध्याकाळी होते. मोर्चाचे निरोप फिरायला लागले की पोलीस ठाण्यात गोपनीय शाखेच्या हवालदाराला फोन करून मार्ग, वेळ आणि जमावबंदी आहे का हे विचारायचं. मग आगाराच्या वाहतूक नियंत्रकाला विचारून कुठल्या फेऱ्या सुटणार ते फळ्यावर लिहायचं. पालकांना निरोप जाताना त्यात “आपल्या जबाबदारीवर पाठवावे” असलं वाक्य घालू नका. त्याने जबाबदारी टळत नाही, फक्त विश्वास जातो.

पाचवी ते सातवीच्या मुलांना पालक समोर आल्याशिवाय सोडू नये. मोठ्यांसाठी मधला मार्ग असतो. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर १४ मार्च २०१८ ला अमेरिकेत विद्यार्थी १७ मिनिटं वर्गाबाहेर आले, १७ मृतांसाठी. वेळ ठरलेली होती आणि अनेक ठिकाणी हे शाळेच्या आवारातच झालं. आपल्याकडेही मुलांना मैदानावर अर्धा तास द्यावा, त्यांचं म्हणणं त्यांना मांडू द्यावं, आणि निवेदन द्यायला पाच प्रतिनिधी मुख्याध्यापकांसोबत तहसीलदारांकडे जावेत. ज्याच्या घरची कातळावरची जमीन प्रकल्पात जाणार आहे, त्या मुलाला “राजकारणात पडू नकोस” सांगून ते गप्प बसणार नाही, बसूही नये.

तरीही मुलं रस्त्यावर गेलीच, तर माझ्या मते वीस मुलांमागे एक शिक्षक हवा. त्यातला एक कायम शेवटच्या मुलामागे. हातात झेंडा नाही, तोंडी घोषणा नाही. त्याचं काम मोजणं. महामार्गावर आणि पुलावर मुलं न्यायची नाहीत. गर्दी उलटली की पुलावर आणि अरुंद बाजारपेठेत चेंगराचेंगरी होते. आंदोलन कसं पालटतं हे आपण पाहिलंय: जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरोधात १८ एप्रिल २०११ ला साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला, आणि २०२३ मध्ये बारसूला रिफायनरीविरोधी आंदोलकांवर अश्रुधूर सोडला गेला. धूर सुटलाच तर डोळे चोळायचे नाहीत, साध्या पाण्याने धुवायचे, आणि खोलगटातून उंचावर यायचं.

पोलिसांनी मूल नेलं, तर मुख्याध्यापकाने स्वतः ठाण्यात जावं, आणि जाताना जनरल रजिस्टरवरून, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीवरून, काढलेला जन्मतारखेचा दाखला सही-शिक्क्यानिशी घेऊन जावं. वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला कायद्याने पहिल्या क्रमाचा पुरावा धरला जातो. मिसरूड फुटलेला सोळा वर्षांचा मुलगा त्या एका कागदावर सज्ञानांच्या कोठडीतून वाचतो. अठराखालच्या कुणालाही लॉकअपमध्ये ठेवता येत नाही आणि पालकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्यातला बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, हे विचारून त्यांच्याशीच बोलावं. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकू नयेत.

मला चीड येते ती दुसऱ्याच प्रकाराची. संस्थाचालकाच्या पक्षाचा मोर्चा म्हणून आठवी-नववीच्या मुलांना रांगेने नेऊन गर्दी करणं. हा विद्यार्थ्यांचा निषेध नव्हे, मुलांचा वापर आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. असा तोंडी आदेश आला, तर “लेखी द्या” म्हणायचा हक्क शिक्षकाने वापरावा. बहुतेक आदेश तिथेच विरतात.

दुसऱ्या दिवशी “दाखला हातात देईन” अशी धमकी नको. आठवीपर्यंतच्या मुलाला काढून टाकता येत नाही, आणि मोठ्यांना धमकावलं की पुढच्या वेळी ती फाटकातून न जाता गडग्यावरून जातात. बुडालेल्या तासांची गैरहजेरी लागावी, तेवढी पुरे. काय झालं त्याची वेळांसह नोंद त्याच संध्याकाळी करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी, आणि आठवड्याच्या आत पालकांची सभा घेऊन वाडीवार यादीतले न लागलेले नंबर बदलून घ्यावेत.