वर्तुळं मोजा की!

वाडेदुरुस्तीत माझी पंचवीस वर्षं गेली आणि एक प्रश्न प्रत्येक वाड्यात ठरलेला. तुळईचं भिंतीत कुजलेलं टोक कापून चांगलं लाकूड लागलं, की मालक वाकून बघतात. "अहो, वर्तुळं मोजा की. वाडा किती जुना ते आत्ता कळेल."

मोजतो. गेल्या उन्हाळ्यात एका सागवानी तुळईवर ओलं फडकं फिरवलं आणि भिंगाखाली सुईच्या टोकानं मोजली. ११२ भरली. मालक खूश. पण ११२ हे झाडाचं वय, तेही अपुरं. झाड कधी तोडलं, याबद्दल त्या आकड्यात अवाक्षर नाही.

साल सापडतं जुळवणीतून. पाऊस चांगला झाला की वर्तुळ रुंद, ओढ दिली की बारीक. हा क्रम एका रानातल्या झाडांत साधारण सारखा उमटतो. आज उभ्या असलेल्या झाडापासून निघायचं आणि जुन्या लाकडांचे क्रम त्याला जोडत मागे जायचं. अमेरिकेत ए. ई. डग्लस यांनी हेच केलं. गृहस्थ मूळचे खगोलशास्त्रज्ञ, सूर्यावरच्या डागांच्या मागावर निघालेले! तिथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या पुएब्लो वस्त्यांतल्या तुळयांवरून ५८५ वर्षांची साखळी त्यांनी बांधली होती, पण जिवंत झाडांपासून मागे नेलेल्या साखळीशी ती जुळेना, म्हणून इसवी सनात कुठे बसवायची ते कळेना. १९२९ मध्ये ॲरिझोनातल्या शो लो गावात एक जळकी तुळई मिळाली, १२३७ पासूनची वर्तुळं असलेली, आणि दोन्ही साखळ्यांचा सांधा जुळला.

सागातही हे जमतं. उन्हाळ्यात तो पानं गाळतो आणि नव्या हंगामाची सुरुवात मोठ्या छिद्रांच्या ओळीनं करतो, त्यामुळे वर्तुळ स्पष्ट दिसतं. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानशास्त्राची संस्था आहे; तिथल्या शास्त्रज्ञांनी केरळच्या सागावरून मागे १४८१ पर्यंतची मालिका लावली आहे. पण आमची तुळई कुठल्या रानातली? केरळचा पाऊस वेगळा, इथला वेगळा. त्यात पावसानं मध्येच दडी मारली, तर साग एका वर्षात दोन वर्तुळंही दाखवतो. आणि खरी गोची आमच्या सुतारांनीच करून ठेवलेली. सालीलगतचं पांढरं लाकूड कीड धरतं म्हणून त्यांनी ते वाकसानं तासून टाकलं. शेवटची किती वर्षं त्या ढलप्यांबरोबर चुलीत गेली, कोण सांगणार?

त्या ११२वाल्या तुळईच्या कुशीत एक रिकामी खाच होती. वाड्यातल्या कुठल्याच खांबाशी, कडीशी तिचा मेळ बसेना. म्हणजे तुळई आधी दुसऱ्याच वाड्यात होती. मालकांना खाचेत बोट घालून दाखवलं. ते जरा वेळ गप्प राहिले.

मग म्हणाले, "बरं, तो वाडा किती जुना?"