टायर झीज नोंदवही: 225/40 आर18, पुढची चाकं, 9,000 ते 12,000 किमी

गाडी टर्बो पेट्रोल, ओढ पुढच्या चाकांना, स्प्रिंगा 30 मिमीने खाली. टायर परफॉर्मन्स जातीचे, नक्षी असिमेट्रिक (आतली आणि बाहेरची बाजू वेगळी), ट्रेडवेअर, म्हणजे टायर झिजायला किती टिकतो याचा अंक, 300. नवे असताना खोली 7.6 मिमी.

9,000 किमी, मे

पुढचा डावा: आत 4.4, मध्ये 5.9, बाहेर 5.7. पुढचा उजवा: आत 4.6, मध्ये 5.9, बाहेर 5.8. मागचे दोन्ही सगळीकडे 6.6 च्या आसपास.

टायर किती उरला हे एका आकड्यात सांगू नये. डेप्थ गेजने आत, मध्ये, बाहेर अशा तीन पट्ट्या आणि गोलाईवर चार ठिकाणं, म्हणजे एका टायरचे बारा आकडे घ्यायचे. खाचेच्या तळाशी 1.6 मिमी उंचीचे ठोकळे असतात. गेजची सुई त्यांच्यावर टेकली की आकडा खोटा येतो. आतली पट्टी मोजायला गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावून चाक काढावंच लागतं. नुसतं स्टिअरिंग वळवून, वाकून बघणाऱ्याला नेमकी तीच कड दिसत नाही आणि एक दिवस तिथून तारा बाहेर येतात.

हवा कमी राहिली तर दोन्ही कडा झिजतात, जास्त झाली तर मधली पट्टी. इथे फक्त आतली गेली आहे, म्हणजे दोष कॅम्बरचा (समोरून बघता चाकाचा कल) किंवा टोचा (वरून बघता चाकाचा तिरकेपणा). हे वेगळं काढायला तळहात पुरतो. रबराच्या ठोकळ्यांवरून हात आतून बाहेर फिरवला तर गुळगुळीत, बाहेरून आत फिरवला तर करवतीसारखा अडकतो. ही टो-आउटची खूण: चाकांची तोंडं पुढे फाकलेली. नुसत्या कॅम्बरने कड झिजते, पण अशी धार येत नाही.

टो घरी मोजणं

सारवलेलं अंगण चालत नाही, सिमेंटचं खळं किंवा गोदामाची फरशी हवी. चारही चाकांखालची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा. 3 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पातळ फरशीचे तुकडे घाला. पुढच्या प्रत्येक चाकाखाली खताच्या बॅगेचे दोन तुकडे, मध्ये ग्रीस. एवढ्यावर चाक मोकळं सरकतं, त्याशिवाय माप खोटं. स्टिअरिंग सरळ बांधून टाका, बॉनेट दाबून गाडी चार-पाच वेळा हलवा, ड्रायव्हरच्या जागी तेवढ्याच वजनाचं धान्याचं पोतं ठेवा. मग दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर गवंड्याची लाइनदोरी ताणा. पुढे आणि मागे दोऱ्यांमधलं अंतर सारखं हवं, आणि दोन्ही दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेपासून सारख्या लांब. दोरीपासून रिमची पुढची कड आणि मागची कड मोजली की फरक हाच टो.

मिळालं ते असं: डावं 2 मिमी, उजवं दीड मिमी, दोन्ही टो-आउट. 18 इंची रिमवर 2 मिमी म्हणजे जवळपास पाव अंश. ऐकायला किरकोळ. पण पाव अंशाने तिरकं चाक दर किलोमीटरला चार मीटरांहून जास्त आडवं फरफटतं. 9,000 किमीत ही फरफट 39 किमी होते. वेग, ऊन आणि रबर यांना दोष देण्याआधी हा हिशोब करावा.

कारणं दोन. स्प्रिंग खाली केल्यावर टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगपासून चाक वळवणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो आणि टो सरकतो. अलाइनमेंट तेव्हा झाली होती, पण नव्या स्प्रिंगा दबून स्थिरावण्याच्या आत. दुसरं, डाव्या लोअर आर्मचा (चाक खालून धरणारा दांडा) मागचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलेला. पहार लावून ढकलला की रबर उघडतं. असा बुश ब्रेक दाबताना चाकाला आणखी बाहेर वळू देतो, उभ्या गाडीच्या मापात ते दिसत नाही. आपल्याकडे समोरून कापसाची ट्रॉली आली की साइडपट्टीवर उतरावं लागतं. डांबराच्या तुटलेल्या कडेवरून परत चढताना बसणारा धक्का थेट याच बुशवर जातो.

आधी बुश, मगच टो. उलट केलं तर काम दोनदा. टाय रॉडच्या चेकनटला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्टिअरिंग रॅकच्या रबरी बुटाची क्लिप सैल करा, नाहीतर बूट पिळतो आणि पुढच्या पावसात फाटतो. एका वेळी अष्टमांश फेराच फिरवा. पूर्ण दुरुस्तीला अर्धा फेराही लागत नाही. दोन्ही चाकं शून्यावर आणली. कॅम्बर उणे दीड अंश तसाच ठेवला, घाटासाठी तो हवा आहे.

हवा

तापमान 10 अंशांनी बदललं की दाब सुमारे दीड पीएसआय बदलतो. मे महिन्यात भर दुपारी, गाडी चालवून आल्यावर पंपावर 33 भरले तर पहाटे ते 28-29 निघतात. म्हणून पहाटे, सावलीत, गाडी हलवण्याआधी, आणि दर वेळी त्याच गेजने. गरम टायरची हवा सोडायची नाही. मेमध्ये बरोबर असलेला दाब डिसेंबरच्या पहाटे तीनएक पीएसआयने उतरलेला असतो, तेव्हा पुन्हा भरावा. एकाच टायरच्या दोन्ही कडा झिजत असतील तर अलाइनमेंटच्या मागे लागू नका, साबणाचं पाणी टाका. बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि आठवड्याला दोन-तीन पीएसआय गुपचूप जातात.

12,000 किमी, ऑगस्ट

डावा: आत 3.8, मध्ये 5.4, बाहेर 5.2. हजार किलोमीटरला आतली झीज 0.36 वरून 0.20 मिमीवर आली, मधली 0.19 वरून 0.17 वर. हे सगळं श्रेय टोला देता येणार नाही. ओला रस्ता रबर कमी खातो. शिवाय नव्या टायरचे उंच ठोकळे जास्त वळवळतात, त्यामुळे पहिले मिलिमीटर नेहमी लवकर जातात. पण मधली पट्टी जेमतेम हलली आणि आतली जवळपास निम्म्यावर आली, तो फरक दुरुस्तीचाच. हाताला धारही लागत नाही.

रस्त्याप्रमाणे झीज बदलते. समृद्धीवर 120 ने सरळ जाताना काँक्रीट टायर तापवतं, पण आडवा जोर जवळपास नसतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना उलट: वेग कमी, पण प्रत्येक हेअरपिनमध्ये बाहेरच्या पुढच्या टायरच्या खांद्यावर भार. आडवा जोर दुप्पट झाला की झीज दुपटीहून बरीच वाढते. वळण सरळ होण्याआधी ॲक्सिलरेटर दाबला की आतलं चाक जागीच फिरतं, तेवढ्यात रबर जातं.

ट्रेडवेअरच्या आकड्यावर फार विसंबू नका. 100 अंकाच्या चाचणी टायरशी तुलना करून तो ठरतो, टेक्सासमधल्या 640 किमीच्या ठरलेल्या मार्गावर एकूण 11,600 किमी चालवून. अंक कंपनी स्वतःच देते. एकाच कंपनीचे 200 आणि 400 ताडून बघावेत, दोन कंपन्यांचे नाही.

रोटेशन: पुढचे सरळ मागे, मागचे आडवे पुढे. असिमेट्रिक टायर रिमवर उलटा चढवायचा नाही, बाहेरची बाजू बाहेरच. फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर रिमसकट बाजू बदलत नाहीत. अशा बाणाच्या टायरची आतली कड गेलीच असेल तर दोन्ही रिमवरून उतरवून डाव्याचा उजवीकडे चढवतात, बाणही जुळतो आणि झिजलेली कड बाहेर येते.

कायद्याची मर्यादा 1.6 मिमी, पण आपल्या पावसात 3 मिमीच्या खाली पाणी खाचांतून नीट निघत नाही. डाव्याच्या आतल्या पट्टीत त्या हिशोबाने 0.8 मिमी शिल्लक, म्हणजे 4,000 किमी. 12,000 लाच रोटेशन केलं, ही कड आता मागच्या डाव्या बाजूला आहे. पुढचं माप 14,000 ला, आतल्या पट्टीपासून.