व्यक्तीशः ओळखतात

हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असतो. नावं, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा बदलायच्या, बाकी मजकूर तोच. 'सदर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा मी कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, विनामोबदला कायमचा सोडून देत आहे.' तालुक्याच्या दस्त नोंदणी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडात मी तेवीस वर्षं दस्तलेखक म्हणून बसतोय. हे वाक्य किती बहिणींना वाचून दाखवलं, त्याचा हिशेब नाही. ९ सप्टेंबर २००५ ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून मुलांइतका हक्क मिळाला, आणि माझ्या टेबलावरून सांगायचं तर त्या दिवसापासून हक्कसोडीचं काम वाढलं. हक्क आला म्हणून तो सोडून घेणं आलं.

गेल्या हंगामातली गोष्ट. एक जण आला. वडील वारलेले, साडेतीन एकर उसाचं रान, वारस आई, तो आणि बहीण. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागू नये म्हणून त्यानं तलाठ्याकडे बऱ्याच खेपा घातल्या होत्या. बहिणींना सातबाऱ्यावर मालकाच्या जागी न लावता 'इतर हक्कात' ढकलायची आमच्याकडची जुनी खोड. हा तलाठी नवा निघाला, त्यानं ऐकलं नाही. आता हक्कसोड करून घ्यायची होती.

"बहिणीचं पूर्ण नाव?"

त्यानं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, माहेरचं आडनाव सांगितलं.

"सासरचं?"

"तेवढ्यात भागंल की."

बाहेरच्याला वाटतं, दस्तलेखक म्हणजे कायद्याची भाषा. खरं काम नावांचं असतं. आधारवर एक, पॅनवर दुसरं, सातबाऱ्यावर आज्यानं ठेवलेलं तिसरं. तिन्ही माणसं एकच आहेत हे कागदावर बसवता आलं तर दस्त पुढे टिकतो, नाहीतर दहा वर्षांनी वकिलांची चंगळ. 'उर्फ' कुठं लिहायचं आणि 'विवाहापूर्वीचे नाव' कुठं, यावरून मी भल्याभल्यांशी भांडलोय. त्या दिवशी मात्र गिऱ्हाईक घाईत होतं आणि दिवाळीपूर्वीची गर्दी होती. माहेरच्या नावानं मसुदा काढून ठेवला. चूक माझीच.

ठरल्या दिवशी बहीण भोसरीहून आली. सोबत नवरा आणि सात-आठ वर्षांची मुलगी. अकरा वर्षांपूर्वी तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं. तेव्हापासून घराचं दार बंद. बापाच्या दहाव्यालाही कुणी बोलावलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. आई बाकड्याच्या एका टोकाला भावाजवळ, ही तिघं दुसऱ्या टोकाला. मध्ये दोन माणसांची जागा, आणि एवढ्या गर्दीतही तिथं कुणी बसेना.

हक्कसोड असली की मी बहिणीला पाच मिनिटं बाजूला घेतो. गिऱ्हाईक भाऊ असतो, पैसे तोच देतो, त्यामुळे हे कुणाला आवडत नाही. झेरॉक्सवाल्याच्या टपरीआड तिला सांगितलं, बाई, सव्वा एकराला थोडी कमी जमीन जातेय, एकदा नोंदला की दस्त सहजासहजी फिरत नाही, सही करायलाच पाहिजे असं नाही.

ती म्हणाली, "काका, मसुदा वाचला मी. नाव अर्धं आहे. नवऱ्याचं नाव, आडनाव घाला. मग सही करते."

"आणि जमिनीचं?"

"नाव घाला आधी."

भावाला सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. ते आडनाव घराण्याच्या कागदावर नको होतं, इतकं सरळ होतं ते. मी आधारकार्ड त्याच्यासमोर धरलं. आधारवर हेच नाव आहे, दस्तात दुसरं लिहून कुणाला दाखवू? नियम माझ्या बाजूनं होता. नसता तर मी एवढा ताठ राहिलो असतो का, माहीत नाही. पानं पुन्हा काढली. माहेरच्या नावाखाली सासरचं नाव, पत्ता, सगळं. तिनं प्रत्येक पानावर सही केली, तीही सासरच्या आडनावासकट.

टोकन लागलं, दस्त सादर झाला, आणि सर्व्हर गेला.

ज्यांनी नोंदणी कार्यालयात कधी दिवस काढला नाही त्यांना हे कळणार नाही. पूर्वी हक्कसोड दोनशेच्या स्टँपवर व्हायची, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे लागतात. शिवाय पानामागे दस्त हाताळणी शुल्क. ऊसतोड सोडून, रजा टाकून माणसं येतात, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं. 'वरनंच बंद आहे' हे उत्तर आत दिवसातून इतक्या वेळा देतात की त्याचाच शिक्का करून घ्यावा. त्या दिवशी तीन तास गेले. नेहमीसारखा मी शिव्या घालत होतो.

त्या तीन तासांत मुलगी कंटाळली. बाकड्यावर मोकळ्या जागेत येऊन बसली, मग सरकत सरकत म्हातारीपर्यंत पोचली. म्हातारीनं कनवटीची पिशवी सोडली, भुईमुगाच्या शेंगा काढल्या. बोलणं काही नाही. मुलीनं एक घेतली, दुसरी घेतली, मग टरफलं कुठं टाकू म्हणून विचारलं. "माझ्या वट्यात टाक," म्हातारी म्हणाली.

तीनच्या सुमाराला सर्व्हर आला. आत फोटो, अंगठे. म्हातारीचा अंगठा मशीन घेईना. शेतात राबलेल्या बायकांचं हे नेहमीचं; खुरपं धरून धरून रेषाच उरत नाहीत. ऑपरेटर म्हणाला, "आजी, डोक्याला लावा अंगठा, तेल लागू द्या." तरी लाल दिवा. दाबा, हळू दाबा, तिरका नको. चार वेळा झालं, मागची रांग कुरकुरायला लागली. भाऊ नुसताच "आई, नीट धर की" म्हणत होता. तेव्हा लेक पुढे झाली. आईचा हात हातात घेतला, पदरानं अंगठा पुसला, त्यावर फुंकर घातली आणि स्वतःच्या बोटानं वरून सपाट दाबून धरला. हिरवा दिवा लागल्यावरही तिनं हात लगेच सोडला नाही. ऑपरेटरलाच सांगावं लागलं, "ताई, झालं."

मग राहिली ओळख. दोन ओळखदार लागतात. भावानं दोन मित्र आणले होते, त्यातला एक कारखान्याची पाळी म्हणून दोनलाच निघून गेलेला. अशा वेळी आम्ही बाहेरच्या कुणालाही धरतो. चहावाला, पलीकडचा स्टँप वेंडर. कागदावर छापलेलं असतं की हे इसम दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तीशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात, आणि चहावाल्यानं आजवर शेकडो जणांना व्यक्तीशः ओळखलंय. हे बरोबर नाही, पण असंच चालतं.

चहावाला त्या दिवशी नव्हता. मी तिच्या नवऱ्याला म्हटलं, तुम्ही द्या ओळख, आधार आहे ना?

तो पुढे आला. साहेबांनी सवयीनं म्हातारीकडे बोट केलं. "यांना ओळखता?"

हा माणूस खरं बोलणारा निघाला. घुटमळला. म्हणाला, "साहेब, मी यांना आजच पहिल्यांदा बघतोय."

मी कपाळावर हात मारला. दस्त अडकणार, उद्या पुन्हा सगळी वरात. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. आणि म्हातारी, जी सकाळपासून माझ्याशी चार शब्दांवर बोलली नव्हती, ती साहेबांना म्हणाली, "आमचं जावई हायत त्ये. वळखत्यात. घ्या सही."

साहेबांनी सही घेतली. भाऊ बाहेर निघून गेला.

हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की बायको म्हणते पुरे. ऐकणारा प्रत्येक जण इथं डोळे पुसतो, आणि मी तिथंच अडकतो. म्हातारीनं 'जावई' म्हटलं ते मनातून, की दस्त अडू नये म्हणून? सव्वा एकराची सही व्हायची होती, ओळखदार कमी पडत होता. अकरा वर्षांत न निघालेला शब्द नेमका त्या मिनिटाला निघाला. की उलटं होतं, तिला लेकीला बघायचंच होतं आणि हक्कसोड हे पोराला पटेल असं एकच निमित्त सापडलं होतं? लेकही कायदा जाणून होती, मी सांगायच्या आधी. बदल्यात काय मागायचं ते तिनं मागून घेतलं, असं मला वाटतं. पण ते पुरेसं होतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी गिऱ्हाइकाचा माणूस.

संध्याकाळी मूळ दस्त हातात आला. शेवटी गोषवाऱ्याचं पान असतं, प्रत्येकाचं नाव, फोटो, अंगठ्याचा ठसा. लिहून देणार लेक, लिहून घेणार आई आणि मुलगा, खाली ओळखदारात जावई. वेबकॅमचे फोटो, सगळे चोरासारखे दिसतात. म्हातारी ते पान उन्हाकडे धरून बघत बसली. मग मला म्हणाली, "ह्या एका पानाची रंगीत झेरॉक्स काढा. पैसं मी देती."

मी काढून आणली. तिनं बोटानं एकेक फोटो मोजला, पान उलटून मागं बघितलं.

"आन् पोरीचा न्हाई व्हय ह्यात?"

"नाही आजी. ती पक्षकार नाही."